पहिल्या मात्रेचा हट्ट

अमेरिकी गायक जेम्स ब्राऊन गाता गाता, गिरकी घेता घेता अचानक हात पाठीमागे न्यायचा आणि पंजा उघडायचा. कधी एकदा, कधी लागोपाठ दोन-तीनदा. समोरच्या प्रेक्षकांना तो नाचाचाच भाग वाटायचा. मागे उभ्या वादकांना मात्र त्याचा अर्थ पुरता ठाऊक असायचा. कुणाचा तरी ठोका चुकला होता, कुणाचं तरी ट्रम्पेट केसभर उशिरा आलं होतं, किंवा कुणाच्या बुटांना पॉलिश नव्हतं. उघडलेली बोटं म्हणजे दंड, आणि तो पगारातून कापला जायचा. एवढ्या धाकात वाजवलेलं संगीत ऐकणाऱ्याला मात्र कमालीचं मोकळं वाटतं, पाय आपोआप हलायला लागतात. फंक नावाच्या प्रकाराची सगळी गंमत या विसंगतीत आहे.

सत्तरच्या दशकातलं रॉक आणि फंक आपल्याकडे बहुतेकांच्या कानांवर तुकड्यातुकड्यांनी पडलेलं असतं. 'स्मोक ऑन द वॉटर'चे सुरुवातीचे सूर गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक कॉलेजकुमाराने मनसोक्त छळलेले असतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' कुणाच्या तरी गाडीत ऐकलेलं असतं. पण सलग बसून ऐकायला घेतलं की अनेकांची पंचाईत होते, आणि तिचं कारण मला आपल्या सवयीत दिसतं. आपण गाण्याकडे आधी चाल मागतो, मग शब्द. भावगीत असो, नाट्यगीत असो की अभंग, चाल गुणगुणता आली की गाणं आपलं झालं. इथे मात्र चाल कित्येकदा जेमतेम तीन-चार सुरांची असते आणि शब्द अर्धेमुर्धे ओरडलेले असतात. मग ऐकणारा विचारतो, "यात आहे काय?" जे आहे ते खाली आहे, ड्रम आणि बास गिटारमध्ये. माझं स्पष्ट मत असं, की हे संगीत खालून वर ऐकावं. आधी ड्रम, मग बास, मग तालाची गिटार आणि कीबोर्ड, आणि सगळ्यांत शेवटी गायक.

तालापासूनच सुरुवात करू. यातली बहुतेक गाणी चार मात्रांच्या आवर्तनात असतात. पायाने वाजवायचा मोठा ढोल पहिल्या मात्रेवर दणका देतो, आणि डाव्या हाताखालचा कडक, चरचरीत आवाजाचा ड्रम, ज्याला स्नेअर म्हणतात, तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये टाळ्या याच दोन मात्रांवर पडतात. आपल्याकडची टाळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जाते. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या कार्यक्रमात पाहुणा बँड वाजवत असताना सगळं सभागृह उत्साहाने नेमक्या उलट्या जागी टाळ्या वाजवताना दिसतं, ते यामुळेच. या संगीताचा सराव करायचा तर पहिला धडा हाच. एक आणि तीनला गप्प राहायचं, दोन आणि चारला टाळी द्यायची. पाच मिनिटांत अंगात भिनतं.

जेम्स ब्राऊनने या रिवाजाला वळण दिलं. 1965 साली आलेल्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'मध्ये त्याची चाहूल होती, आणि 1967च्या 'कोल्ड स्वेट'मध्ये ते पक्कं झालं. दोन-चारची टाळी कायम ठेवून त्याने सगळा भार पहिल्या मात्रेवर टाकला. त्याच्या वादकांच्या भाषेत ही मात्रा म्हणजे 'द वन'. 'कोल्ड स्वेट'ची जन्मकथा मजेशीर आहे. ब्राऊनला नोटेशन लिहिता येत नव्हतं. त्याने आपला सॅक्सोफोनवादक आणि संगीत-संयोजक पी वी एलिस याला हुंकार भरून, घशातून आवाज काढून बासचा ठेका ऐकवला. एलिसने तो कागदावर उतरवला, आणि वर ट्रम्पेट-सॅक्सोफोनसाठी दोन सुरांचा जो झटका लिहिला, तो माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट' या जॅझ रचनेवरून सुचलेला होता. गाण्यात स्वरसंगतीचा बदल जवळजवळ नाहीच. एकाच कॉर्डवर मिनिटामागून मिनिटं जातात. पाश्चात्त्य गाणं तोवर कॉर्ड बदलत बदलत पुढे सरकायचं. ब्राऊनने ती वाट बंद केली आणि पुढे नेण्याचं सगळं काम तालावर सोपवलं.

आपल्या श्रोत्याला इथे एक आयता फायदा आहे. षड्जावर उभ्या असलेल्या तानपुऱ्यापुढे तासभर बसायची सवय असलेल्या कानाला कॉर्ड न बदलण्याचा त्रास होत नाही, आणि समेची वाट पाहणं तर रक्तातच असतं. फरक आहे तो समेशी वागण्यात. ख्यालात गायक लांबवर भटकून येतो, तबल्याशी त्याची गाठ समेवर पडते आणि सभागृहातून दाद उमटते. म्हणजे सम हा प्रवासाचा शेवट. फंकमध्ये ती दर अडीच सेकंदांनी येते, सगळे वादक तिथे एकत्र आपटतात आणि लगेच पांगतात. खरा खेळ त्या पांगण्यात आहे. चार मात्रांचे प्रत्येकी चार भाग केले की सोळा घरं होतात. मिनिटाला शंभर मात्रांची लय धरली तर ही सोळा घरं 2.4 सेकंदांत संपतात, म्हणजे अतिद्रुत तीनतालाचं एक आवर्तन म्हणा. पहिलं घर सगळ्यांचं. उरलेल्या पंधरांपैकी कुणाला तीन, कुणाला दोन, कुणाला एखादंच. गिटारवाला जिमी नोलन तारा अर्धवट दाबून नुसता 'चिक्-चिक्' असा आवाज काढतो, तो ठरलेल्या घरांतच. बास त्याला वगळून बसतो, सॅक्सोफोनवाले दोघांना वगळून एकच फटकारा देतात. एकेकट्याने वाजवलेलं ऐकलं तर प्रत्येकाचं वादन अपुरं, जवळजवळ बाळबोध वाटेल. एकत्र ऐकलं की मुंगी शिरायला जागा राहत नाही. तो दंड कशासाठी होता, हे आता कळावं. दुसऱ्याच्या घरात पाय टाकणं हा तिथला गुन्हा होता.

1970च्या मार्चमध्ये हीच शिस्त अंगावर आली. पैशांवरून जुने वादक अडून बसले. जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहरात कार्यक्रम तोंडावर होता. ब्राऊनने नमतं घेतलं नाही. त्याने आपलं खासगी विमान सिनसिनाटीला पाठवलं आणि तिथल्या एका कोवळ्या बँडला उचलून आणलं. त्यातला बासवादक बूट्सी कॉलिन्स अठरा वर्षांचा होता आणि त्याचा थोरला भाऊ कॅटफिश गिटार वाजवायचा. ही पोरं त्याच रात्री रंगमंचावर उभी राहिली. महिन्याभराने याच संचाने 'सेक्स मशीन' ध्वनिमुद्रित केलं. बूट्सीचा हात चंचल होता, तो हव्या तितक्या सुरांनी जागा भरून टाकायचा. बूट्सी पुढे सांगत आला आहे, की ब्राऊनने त्याला एकच अट घातली होती. पहिली मात्रा मला दे, बाकी तुला हवं ते कर. हे गाणं ऐकताना ब्राऊनकडे मुळीच लक्ष देऊ नका. (अवघड आहे, पण जमतं.) पाच मिनिटं फक्त बूट्सीच्या मागे जा. एकच आकृती तो कितीदा वाजवतो आणि दर वेळी शेपटाशी केवढा बारीक बदल करतो, ते ऐका.

ड्रमवाल्यांत क्लाइड स्टबलफील्डचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टेनेसीतल्या चॅटनूगा गावात वाढलेला हा माणूस कुठल्याही संगीतशाळेत शिकला नव्हता. कारखान्यांचे आणि आगगाडीचे आवाज ऐकत त्याचे हात तयार झाले. 1969च्या नोव्हेंबरमध्ये त्याने 'फंकी ड्रमर' वाजवलं. त्यात एका ठिकाणी बाकी सगळे थांबतात आणि आठ आवर्तनं तो एकटाच वाजवतो. वरवर ऐकलं तर साधा ठेका. नीट ऐकलं तर दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे स्नेअरवर काठी नुसती टेकल्यासारखे, ऐकू येतील न येतील असे कितीतरी हलके ठोके आहेत. ठेका भरताना तबलजीची बोटं जशी पुडीवर अलगद फिरत राहतात, तसे. इंग्रजीत त्यांना 'घोस्ट नोट्स' म्हणतात. हे हलके ठोके काढून टाकले तर उरेल तो कवायतीचा ताल. पुढे ऐंशीच्या दशकात हिपहॉपवाल्यांनी ही आठ आवर्तनं कापून शेकडो गाण्यांच्या तळाशी बसवली. स्टबलफील्डचं नाव त्या गाण्याचा रचनाकार म्हणून कुठेच नव्हतं, त्यामुळे जगात सर्वाधिक उसनवारी झालेल्या ठेक्यांपैकी एक वाजवूनही त्याच्या पदरी त्याचं मानधन पडलं नाही. 2017 साली तो गेला.

बास गिटारचं पुढचं पाऊल अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला पडलं, आणि तेही अडचणीतून. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लॅरी ग्रॅहम हा तरुण आपल्या आईबरोबर क्लबांमध्ये वाजवायचा. आई पियानोवर आणि गाण्यात, तो बासवर. ड्रमवाला सोडून गेला. मग लॅरीने अंगठ्याने जाड तारेवर ठोसा मारून मोठ्या ढोलाची आणि बोटाने बारीक तार उपटून स्नेअरची उणीव भरून काढायला सुरुवात केली. बासमधूनच चाल आणि ताल, दोन्ही. हे ऐकून स्ली स्टोनने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. 'स्ली अँड द फॅमिली स्टोन'मध्ये कृष्णवर्णीय आणि गोरे, पुरुष आणि बायका एकाच रंगमंचावर होते. ट्रम्पेट सिंथिया रॉबिन्सन ही कृष्णवर्णीय स्त्री वाजवायची आणि ड्रमवर ग्रेग एरिको हा गोरा तरुण. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकेत हे दृश्यच मोठं विधान होतं. 1969 अखेरीस आलेल्या 'थँक यू' या गाण्यात (शीर्षक पुढे बरंच लांबलचक आणि मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचं आहे) तो अंगठ्याचा ठोसा पहिल्यांदा जगभर पोचला.

आणि दोन वर्षांत सगळा उत्साह ओसरला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, शहरं जळून गेली होती, व्हिएतनामचं युद्ध चालूच होतं आणि स्ली अमली पदार्थांत बुडाला होता. 1971चा 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' हा त्याचा अल्बम गढूळ, कोंडलेला, झोप न झालेल्या माणसासारखा वाजतो. पुन्हा पुन्हा टेप पुसून त्यावर मुद्रण केल्यामुळे आवाजावर धूळ बसल्यासारखी वाटते, आणि काही गाण्यांत जिवंत ड्रमऐवजी एका तालयंत्राची टिकटिक आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवडत नाही. माझ्या लेखी दशकातल्या पहिल्या पाच तबकड्यांत तो बसतो, पण ऐकायला सुरुवात त्याने करू नये.

आता रॉककडे. रॉक म्हटलं की कर्कश गिटार डोळ्यांपुढे येते आणि ड्रमवाला मागे कुठेतरी घामाघूम. पण सत्तरच्या दशकातलं सर्वांत मोठं रॉक ज्या बँडने केलं, त्या लेड झेपेलिनचा पाया जॉन बॉनम हा ड्रमवालाच होता. 1970-71च्या हिवाळ्यात हा बँड इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत मुक्कामाला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस निराधारांसाठी बांधलेली ही इमारत थंड, ओलसर होती. स्टुडिओ नव्हताच. रोलिंग स्टोन्स या बँडची ध्वनिमुद्रणाची गाडी भाड्याने आणून अंगणात उभी केली होती. बॉनमचा ड्रमसंच खालच्या प्रवेशदालनात, उंच जिन्याच्या पायथ्याशी मांडला गेला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने नेहमीप्रमाणे प्रत्येक ड्रमपाशी मायक्रोफोन लावले नाहीत. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून फक्त दोन मायक्रोफोन खाली रोखले. ठोका पडला की थेट आवाज वर जाई आणि त्याच्यामागून दगडी भिंतींना, जिन्याला धडकून परतलेला आवाज येई. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'च्या सुरुवातीला जे ऐकू येतं, ते ड्रमइतकंच त्या घराचंही वादन आहे. वर टेपचा वेग किंचित उतरवून सगळा ध्वनी आणखी जड केला गेला.

या ठेक्याची जादू नुसत्या आकारात नाही. बॉनमचा पाय मोठ्या ढोलावर पहिल्या मात्रेच्या लगेच पुढे एक जास्तीचा ठोका टाकतो आणि स्नेअर किंचित रेंगाळत, पडेल की नाही असं वाटायला लावून पडतो. लय हलत नाही, पण ओढ निर्माण होते. ही ओढ फंकची आहे. बॉनम जेम्स ब्राऊनच्या तबकड्यांचा भक्त होता, आणि 1973च्या 'द क्रंज'मध्ये झेपेलिनने ब्राऊनची उघड नक्कलच केली, फक्त ती नऊ मात्रांच्या अडनिड्या हिशेबात बसवली, म्हणजे कुणाला तिच्यावर नाचता येऊ नये. विनोद म्हणून ठीक आहे, गाणं म्हणून फसलेलं आहे.

'लेव्ही'ची आणखी एक पूर्वपीठिका आहे. 1927 साली मिसिसिपी नदीचे बांध फुटून अमेरिकेच्या दक्षिणेत हाहाकार माजला. लाखो माणसं बेघर झाली, त्यांत कृष्णवर्णीय शेतमजुरांची संख्या मोठी होती. दोन वर्षांनी कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने या पुरावर एक ब्लूज गाणं मुद्रित केलं. दोन गिटारी आणि एक आवाज. चार दशकांनी चार गोऱ्या इंग्रज पोरांनी त्याचा डोंगर केला. श्रेयनामावलीत त्यांनी मेम्फिस मिनीचं नाव निदान घातलं. सगळ्यांच्या बाबतीत ते इतके प्रामाणिक नव्हते. शिकागोचा ब्लूजकार विली डिक्सन याला 'होल लॉटा लव्ह'साठी कोर्टात जावं लागलं, आणि 1987 साली तडजोड होऊन मग त्याचं नाव लागलं. ब्रिटिश रॉक ऐकताना हा हिशेब डोक्यात ठेवावा. त्याने गाण्याची मजा कमी होत नाही. उलट आपण कुणाकुणाला ऐकतो आहोत ते कळतं.

देवाणघेवाण मात्र दोन्ही दिशांनी चालली होती, आणि तिचा सर्वांत सुंदर नमुना 1972च्या ऑक्टोबरात आला. स्टीव्ही वंडर तेव्हा बावीस वर्षांचा होता. बालकलाकार म्हणून प्रसिद्ध झालेल्या या अंध मुलाने सज्ञान झाल्यावर कंपनीशी भांडून आपल्या संगीतावरचा ताबा मिळवला होता. त्या उन्हाळ्यात तो रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होता, म्हणजे रॉकच्या गोऱ्या श्रोत्यांपुढे. 'सुपरस्टिशन' हे गाणं त्याने जवळजवळ एकट्याने बांधलं. ड्रम त्याचा, बासचा आवाज त्याने सिंथेसायझरवर वाजवलेला, गाणंही त्याचंच. बाहेरचे फक्त ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. आणि जी करकरीत, उड्या मारणारी गिटार सुरुवातीपासून ऐकू येते, ती गिटार नाही.

ते क्लॅव्हिनेट आहे. होनर या जर्मन कंपनीने क्लॅव्हिकॉर्ड या जुन्या, पट्ट्यांच्या तारवाद्याची विजेवर चालणारी घरगुती आवृत्ती म्हणून हे वाद्य बनवलं होतं. कल्पना अशी, की लोक घरी बसून बाख वाजवतील. पट्टी दाबली की तिच्याखालचा रबराचा तुकडा तार खालच्या धातूवर दाबतो, आणि गिटारला असतात तशी चुंबकं तिचा कंप विजेत बदलतात. पट्टी सोडली की आवाज तत्क्षणी बंद. हे 'तत्क्षणी बंद' होणं फंकच्या कामाला आलं, कारण इथे सूर कधी सुरू होतो याइतकंच तो कधी थांबतो यालाही महत्त्व आहे. स्टीव्हीने क्लॅव्हिनेटचे बरेच थर एकावर एक चढवले, काही डाव्या कानात, काही उजव्या. हेडफोन लावून ऐकलं तर दोन्ही बाजूंचे थर एकमेकांशी बोलताना ऐकू येतात. पुढे झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स क्लॅव्हिनेट घेऊन बसला आणि 'ट्रॅम्पल्ड अंडर फुट' तयार झालं. ते 'सुपरस्टिशन'वरून सुचलं, हे त्याने मोकळेपणाने मान्य केलं आहे.

याच झेपेलिनचा मुंबईशी एक धागा आहे. 1972 साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये त्यांनी वाजवलं, आणि इथल्या स्टुडिओत सतार, सारंगी, तबला वाजवणाऱ्या मुंबईकर वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी पुन्हा मुद्रित केली. संयोजन बासरीवादक विजय राघव राव यांचं होतं. ही मुद्रणं चाळीसहून अधिक वर्षं पडून राहिली आणि 2015 साली अधिकृतपणे बाहेर आली. 'फोर स्टिक्स'चा ताल पाचच्या हिशेबात चालतो. मूळ गाण्यात हा ताल सुटेना म्हणून वैतागून बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेतल्या होत्या, नाव त्यावरूनच पडलं. झपतालावर पोसलेल्या माणसाला पाचाचं एवढं भय का, असं ऐकताना वाटून जातं.

विषम मात्रांचं बोलायचं तर पिंक फ्लॉइडचं 'मनी' हे आपल्या श्रोत्याला सर्वांत सहज पचेल असं गाणं. 1973च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं. सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचा आवाज यांचे टेपचे तुकडे मोजून, कापून, चिकटवून सात मात्रांचं चक्र केलं आहे. बास त्यात शिरतो आणि गाणं सातात चालू होतं. सॅक्सोफोनचा एकल तुकडाही सातात आहे. मग डेव्हिड गिल्मरची गिटार येते आणि ताल गुपचूप चारावर जातो. कितीतरी लोक वर्षानुवर्षं हे गाणं ऐकतात आणि हा सांधा त्यांना कळत नाही. रूपक मोजून पाहिलेल्याला तो पहिल्या फेरीतच सापडावा.

हिंदी चित्रपटसंगीतावर या सगळ्याचा परिणाम काय झाला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच सांगतो, की मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत ड्रम, बास आणि ट्रम्पेट सांभाळणाऱ्यांत गोमंतकीय आणि पारशी वादकांचा वाटा मोठा होता. ही मंडळी रात्री हॉटेलांत पाश्चात्त्य संगीत वाजवत आणि दिवसा तेच कसब स्टुडिओत आणत. त्या काळची कल्याणजी-आनंदजी यांची दोन गाणी, 'अपराध'मधलं एक आणि 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल', 2005 साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटाने आपल्या गाण्यात वापरली आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. अमेरिकेतून आलेला ठेका मुंबईचा वळसा घेऊन घरी परतला.

ऐकण्याच्या साधनांबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला 41 कंपनं करते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. म्हणजे मोबाइलवर फंक ऐकणाऱ्याला गाण्याचा अर्धा भाग मिळतच नाही, आणि उरलेल्या अर्ध्यावरून तो मत बनवतो. बरे हेडफोन तरी हवेतच. दुसरं, ही गाणी तबकडीसाठी घडली आहेत. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावत. त्याहून जास्त कोंबायचं तर खाचा अरुंद कराव्या लागत आणि खालचे सूर पातळ होत. म्हणून अल्बमच्या दोन्ही बाजूंना स्वतःचा आरंभ आणि शेवट असतो. शक्य असेल तेव्हा एक बाजू सलग ऐकावी. तिसरं, त्या काळात बहुतेक वादक कानात यंत्राची टिकटिक न घेता वाजवत. उत्कर्षाच्या जागी लय किंचित चढते, मग खाली बसते. आजच्या संगणकाच्या चौकटीत बसवलेल्या गाण्यांनंतर हे ऐकलं तर कुणाला ढिसाळ वाटेल. मला तीच त्याची नाडी वाटते.

दशकाच्या मध्यावर फंकने अंतराळात उडी घेतली, अक्षरशः. न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड गावात केशकर्तनालयात काम करता करता गाण्याचा गट चालवणाऱ्या जॉर्ज क्लिंटनने पार्लमेंट आणि फंकडेलिक असे दोन बँड एकाच वेळी उभे केले, वादक बरेचसे तेच. फंकडेलिक हा जवळजवळ रॉक बँड होता. 1971च्या 'मॅगट ब्रेन'मध्ये एडी हेझलची दहा मिनिटांची गिटार ऐका आणि मग सांगा की रॉक गोऱ्यांचं. पार्लमेंट नाचायला. 1975चा 'मदरशिप कनेक्शन' आणि मग कार्यक्रमांत धुराच्या लोटांतून रंगमंचावर उतरणारं खरंखुरं यान. (पुढे बांधलेली त्याची आवृत्ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.) बूट्सी आता इथे होता, ताऱ्याच्या आकाराचा बास गळ्यात घालून. ब्राऊनकडचे सॅक्सोफोन-ट्रॉम्बोनवालेही आले. ब्राऊनकडे दंड भरून शिकलेली पहिली मात्रा इथे धिंगाण्याच्या मधोमध तशीच पक्की उभी राहिली. 1978च्या 'फ्लॅश लाइट'मध्ये तर बास गिटारलाच सुट्टी आहे. बर्नी वॉरेलने सिंथेसायझरवर वाजवलेला तो लडबडता, खाली घसरणारा बास पुढच्या वीस वर्षांच्या नाचाच्या संगीताचा आजोबा म्हणायला हरकत नाही.

अमेरिकी रेडिओने मात्र ही सरमिसळ मान्य केली नाही. रॉकची केंद्रं वेगळी, कृष्णवर्णीयांसाठीची वेगळी, आणि सत्तरच्या अखेरीस डिस्कोची लाट आली तशी भिंत उंच होत गेली. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांमधल्या वेळेत एका रॉक रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवायचा कार्यक्रम ठेवला. एक तबकडी आणली की 98 सेंटात प्रवेश. जवळपास पन्नास हजारांची गर्दी लोटली. स्फोट झाला, लोक मैदानात घुसले, नासधूस झाली आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच सोडून द्यावा लागला. त्या दिवशी तिथे व्हिन्स लॉरेन्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. सिंथेसायझर घेण्यासाठी तो पैसे साठवत होता. त्याने नंतर सांगितलं, की ढिगातल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. स्टीव्ही वंडर होता, मार्विन गे होता. पाचेक वर्षांनी शिकागोत 'हाउस' नावाचं नाचाचं नवं संगीत जन्मलं, आणि त्याच्या पहिल्या तबकड्यांच्या कर्त्यांत हा लॉरेन्स होता.

त्या स्फोटाला वर्ष होतं न होतं तोच इंग्लंडच्या क्वीन या रॉक बँडचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आलं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच पहिला बँड काढलेला फारुख बलसारा. गाणं मात्र त्याचं नव्हतं. ते बासवादक जॉन डीकनचं. डीकन न्यूयॉर्कमध्ये शिक या कृष्णवर्णीय बँडच्या स्टुडिओत जाऊन बसला होता आणि त्यांच्या 'गुड टाइम्स'मधला बर्नार्ड एडवर्ड्सचा बास त्याच्या डोक्यात घर करून राहिला होता. क्वीनच्या गाण्यात ड्रम कोरडा, एकच तुकडा फिरवत ठेवलेला. गिटार बराच वेळ गप्प. मधल्या जागा मोकळ्या. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांनी ते उचलून धरलं, मायकेल जॅक्सनने बँडला भेटून हे वेगळी तबकडी म्हणून काढाच असं सुचवलं, आणि 1980च्या ऑक्टोबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आधी 'गुड टाइम्स' लावा, लगोलग हे. दोन्हींत बासचे पहिले ठोके मोजा, मग ते कुठे वेगळे होतात ते तुमचं तुम्हालाच सापडेल.